मांडी घालायची होती, मांडी ओढत बसलात

प्रश्न : ताई, माझं वय ४७. राहायला बडोद्यात, मांजलपूरला, नोकरी बँकेत, म्हणजे दिवसाचे आठ तास खुर्ची. गेल्या गौरी-गणपतीत पूजेला बसले आणि वीस मिनिटांत पाय मोकळे करायची वेळ आली. मांडी घातली की दोन्ही गुडघे हवेत आणि पाठीला पोक. शेजारी ७४ वर्षांच्या सासूबाई खुशाल मांडी ठोकून बसलेल्या. फार ओशाळल्यासारखं झालं. मग घराजवळ बॅले-स्ट्रेचिंगचा वर्ग निघाला तो लावला. सहा आठवड्यांत स्प्लिट, म्हणजे एक पाय पुढे, एक मागे सरळ पसरून जमिनीवर बसणं, करून दाखवू म्हणाले होते. चौथ्या आठवड्यात शिकवणाऱ्या मुलीनं पाठीवर दाब दिला, तेव्हा डाव्या मांडीच्या मागे, अगदी बसायच्या हाडाशी, काहीतरी खेचलं गेलं. आवाज आला नाही, काळंनिळंही झालं नाही. पण तीन महिने झाले, स्कूटरवर बसलं की तिथंच दुखतं, वाकून खालचा ड्रॉवर उघडला की दुखतं. वर्गात म्हणतात, अजून आखडलेलं आहे, ताणत राहा. रोज रात्री पलंगावर पाय पसरून पाऊल धरून ओढते. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, सकाळी पुन्हा तेच. चालू ठेवू का? आणि मुळात हे बॅले वगैरे आपल्यासारख्या बायकांसाठी असतं का?

उत्तर : ओढणं आजपासून बंद. हे वाचताना पाऊल हातात असेल तर आधी ते सोडा आणि मग पुढे वाचा.

मांडीच्या मागच्या लांब स्नायूंना सगळे हॅमस्ट्रिंग म्हणतात. ते वरच्या टोकाला एका जाड कंडरेनं बसायच्या हाडाला बांधलेले असतात. पाय सरळ ठेवून तुम्ही पुढे वाकता तेव्हा ती कंडरा ताणली जाते आणि त्याच वेळी त्या हाडावर दाबलीही जाते. शिवाय दिवसभर बँकेची खुर्ची आणि येता-जाता स्कूटरची सीट. दुखावलेल्या कंडरेला असा दाब अजिबात सोसत नाही. रात्री ओढल्यावर बरं वाटतं ते अंगावर उठलेल्या गांधीवर खाजवल्यासारखं. हिशेब सकाळी होतोच आणि तुम्ही तो तीन महिने रोज चुकता करताय.

एकदा प्रत्यक्ष दाखवून घ्या. आवाज आला नाही, काळंनिळं झालं नाही, तेव्हा मोठं काही तुटलं नसावं. पण गुडघ्याखाली मुंग्या किंवा जळजळ होत असेल, पाऊल बधिर वाटत असेल, तर मामला कंबरेतून येणाऱ्या शिरेचा असू शकतो, आणि शीर ओढल्यानं आणखी चिडते. पत्रावरून निदान करायची माझी छाती नाही.

कंडरेचंच निघालं तर तिला विश्रांतीपेक्षा वजन लागतं, पण हळूहळू चढवलेलं. उताणं झोपा, गुडघे दुमडा, टाचा नेहमीपेक्षा वीतभर पुढे ठेवा आणि कंबर उचलून धरा. तीस सेकंदांपासून सुरुवात, पंचेचाळीसपर्यंत जायचं, असं चार-पाच वेळा. करताना थोडं जाणवलं तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त दुखलं तर मात्र आपण जास्त केलं, असं समजून एक पायरी खाली उतरा. खुर्चीत बसताना त्या हाडाखाली मऊ घडी घ्या आणि तासाला एकदा तरी उठा. कंडरा सावकाश बरी होते, तीन महिने किंवा त्याहूनही जास्त लागतात. सहा आठवड्यांचा वायदा करणाऱ्यांना हे कुणी सांगत नसावं.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे. तुम्हाला मांडी घालायची होती आणि तुम्ही मांडी ओढत बसलात. या दोन कामांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. मांडी घालून बसताना गुडघे दुमडलेले असतात, त्यामुळे हॅमस्ट्रिंग सैलच असतो. तिथं अडतं ते खुब्यात, मांडीचं हाड बाहेरच्या बाजूला वळण्यात. नेमकं तेच वळण बॅलेचा पाया आहे. म्हणजे तुम्ही दुकान बरोबर निवडलंत, पण माल भलताच उचललात.

बॅलेवाले त्या वळणाला टर्नआऊट म्हणतात. आत्ता उभ्या राहा. उजवा तळहात खुब्याच्या बाहेरच्या बाजूला ठेवा, चालताना जिथं एक टणक हाड हाताला लागतं तिथं. पाऊल सरळ ठेवून पाय बाजूला उचला. ते हाड थोड्याच वेळात वर अडल्यासारखं होईल. पाय खाली घ्या. आता अख्खा पाय खुब्यापासून बाहेर वळवा, गुडघ्याची वाटी बाजूला बघेल असा, आणि पुन्हा उचला. हाड हाताखालून मागे सरकेल आणि पाय आधीपेक्षा वर जाईल. बॅलेतल्या मुली पाय कानापर्यंत नेतात त्यातली मोठी मेख ही आहे. फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईनं १६६१ मध्ये पॅरिसला नृत्याची अकादमी काढली, त्या काळापासून पावलांच्या पाच जागा ठरल्या आहेत. पाचही जागांत पाय बाहेर वळलेले.

पण खुबा किती वळेल हे देवानं हाडात लिहून पाठवलेलं असतं. सर्वसाधारण माणसाचा एक खुबा बाहेरच्या बाजूला साधारण ४५ अंशांच्या आसपास वळतो. कुणाचा जास्त, कुणाचा कमी. खोबण किती खोल आहे, हाडाची मान कुठल्या कोनात आहे, यावर ते ठरतं. दोन्ही पावलं एका सरळ रेषेत आलेली दिसतात तेव्हा उरलेली भरपाई गुडघ्याखालचा पाय आणि पाऊल करत असतं. नर्तकी ती वर्षानुवर्षांच्या ताकदीवर करतात. आपण केली की गुडघा पिळवटतो.

हे मला पुस्तकाच्या आधी माझ्या गुडघ्यांनी शिकवलं. अठराव्या वर्षी मी भरतनाट्यम शिकत होते. आमचं बडोदं या नाचाला जुनं ओळखतं. १८८० मध्ये सयाजीराव महाराजांचं लग्न तंजावरच्या राजकन्येशी झालं आणि तिच्याबरोबर तिकडचे कलावंत इथं आले. असो. अरैमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसायच्या ठेवणीत, माझ्या शेजारच्या मुलीची पावलं पट्टीनं आखल्यासारखी बाजूला जायची, माझी जायची नाहीत. मग मी काय करायची, पावलं हवी तितकी बाहेर वळवून फरशीत रोवायची आणि तशीच खाली बसायची. पावलं बाजूला, गुडघे समोर. गुरूंनी ताल द्यायची काठी माझ्या गुडघ्याला टेकवली आणि विचारलं, "या दोघांचं भांडण झालंय का?" वर्ग हसला. मी चिडले आणि ऐकलं नाही. दोन वर्षांत दोन्ही गुडघ्यांच्या आतल्या बाजूला असं दुखायला लागलं की जिना बसून उतरायची. त्या गुडघ्यांपायी फिजिओथेरपिस्टचं दार पाहिलं आणि पुढे स्वतःच त्या दारात टेबल टाकून बसले.

तर तुमची हद्द तुम्ही अशी काढा. भिंतीला पाठ लावून, टाचा जुळवून, पावलं सरळ ठेवून उभ्या राहा. गुडघे सरळ. चवडे उचला, वजन टाचांवर घ्या आणि मांड्या खुब्यातून बाहेर वळवा. चवडे जिथं आपोआप खाली टेकतील तिथं थांबा. ही तुमची पहिली जागा. घड्याळातला अकरा वाजून पाच मिनिटांचा कोन आला तरी काम भागतं. दहा वाजून दहा आला तर तुम्ही नशीबवान.

आता स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी या. बॅलेच्या वर्गात भिंतीला दांडा असतो, त्याला फ्रेंचमध्ये बार म्हणतात आणि वर्गाची सुरुवात तिथंच होते. घरी त्याला ओट्याची कड उत्तम, उंचीला जवळपास तितकीच आणि जागची न हलणारी. हिंचका, म्हणजे झोपाळा, नको. मी एकदा गॅलरीतल्या हिंचक्याची कडी धरून हा पराक्रम केला आहे. हिंचका पुढे गेला, मी मागे, आणि शेवटी शेवग्याच्या शेंगा घेऊन आलेल्या शेजारच्या बेनने मला उचललं. पायात मोजेही नकोत. कोटाच्या फरशीवर मोजे म्हणजे घसरगुंडी. अनवाणी करा.

ओट्याच्या बाजूला उभं राहून एका हाताची फक्त बोटं कडेवर ठेवा. एकेचाळिसाव्या वर्षी मी मुंबईला एका शिबिरात आठ दिवस बॅलेचे धडे घेतले, तेव्हा तिथल्या बाईंनी आमच्या प्रत्येकीच्या हाताखाली एक कोरा कागद ठेवला होता. वर्ग संपेपर्यंत तो खाली पडायला नको आणि चुरगळायलाही नको. पहिल्या दिवशी माझ्या कागदाचा बोळा झाला होता. आपण दांड्याला किती लटकतो आणि पायांवर किती कमी उभे असतो, ते त्या बोळ्यावरून कळलं.

मग प्लिए. या शब्दाचा अर्थच वाकलेला, दुमडलेला. टाचा जमिनीला, पाठ ताठ, आणि चार मात्रांत गुडघे दुमडत खाली, चार मात्रांत वर. टाच उचलायला लागली की तुमची खोली संपली, तिथून परत. मान खाली घालून एकदाच बघा, गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या वर यायला हवा. अंगठा गुडघ्याआड लपला तर गुडघा आत पडला, म्हणजे पावलं जास्त वळलेली आहेत, कोन कमी करा. आठ वेळा. मग दुसरी बाजू. दूध उतू जायच्या आत होतं.

अरैमंडी शिकलेल्या वाचकिणी म्हणतील की हे तर आमचंच. दिसायला आहे खरं. पण अरैमंडीत आपण बसतो, तिथं घर करतो आणि तिथूनच पाय आपटतो. प्लिएत थांबणं नाही. तळाशी पोहोचायच्या आत वर निघायचं असतं, जात्याच्या खुंट्यासारखं, फिरतं. दोन्ही केलेल्या माझ्या खुब्यांचं मत विचाराल तर सांधा मोकळा करायला प्लिए बरा, आणि ताकदीला अरैमंडीसारखा मास्तर नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल भरतनाट्यमकडे वळण्याआधी रशियन बॅले-नर्तकी ॲना पाव्हलोव्हाच्या चमूतल्या एका नर्तकीकडे बॅले शिकल्या होत्या. म्हणजे ही सोयरीक काही आजची नाही.

प्लिएनंतर तांद्यू. पाय पुढे सरकवत न्यायचा, टाच उचलते, मग चवडा उचलतो, बोटांची टोकं फरशीवरच राहतात. येताना उलट क्रमानं. पोछा मारताना फरशी जशी दाबून धरतो तसा दाब पावलाचा फरशीवर हवा. पुढे, बाजूला, मागे, प्रत्येकी आठ. यानं तुमच्या त्या कंडरेला काही त्रास होऊ नये. झालाच तर पुढचा सोडून बाजूचा आणि मागचा करा. खुर्चीवर किंवा ओट्यावर पाय टाकून वाकायचा प्रकार मात्र दाखवून घेईपर्यंत पूर्ण वर्ज्य.

स्प्लिटचं वेड गेलं नसेल तर आणखी एक ऐका. स्प्लिटमध्ये पुढचा पाय अडकतो असं सगळ्यांना वाटतं, पण खुर्चीत बसणाऱ्यांचा बहुधा मागचा अडकतो. बसून बसून खुब्याच्या पुढचे स्नायू आखूड झालेले असतात. सतरंजीची घडी घालून एक गुडघा तिच्यावर टेका, दुसरा पाय पुढे काटकोनात, शेपटाचं हाड आत घ्या आणि मग अंग जरासं पुढे न्या. मांडीच्या वरच्या भागात ताण आला की तीस सेकंद, दोन-तीन वेळा. हिसके द्यायचे नाहीत. हिसका दिला की स्नायू स्वतःला वाचवायला उलट आखडतो, ती त्याची उपजत खोड आहे. तुम्हाला दाबणाऱ्या मुलीला ही खोड कुणीतरी सांगायला हवी होती.

आणि यंदाच्या पूजेला पाट घ्या. तोंडी लावायला म्हणून सांगत नाही. बूड दोन-तीन इंच उचललं की गुडघे खुब्याच्या खाली येतात आणि पाठीचा पोक आपोआप जातो. पाटावर मऊ आसन घाला, म्हणजे त्या हाडालाही टोचणार नाही. सासूबाई जमिनीवर बसू शकतात कारण त्यांनी आयुष्यभर जमिनीवर बसून पोळ्या लाटल्या, भाज्या निवडल्या, उकिडवं बसून फरशा पुसल्या. त्यांनी कधी स्ट्रेचिंग केलं असेल असं मला वाटत नाही. तुम्ही रोज संध्याकाळची भाजी जमिनीवर बसून, पाटावर, निवडलीत तरी पुढच्या गौरींपर्यंत फरक पडेल.

बॅले आपल्यासाठी आहे का, हे राहिलंच. हल्ली शहरोशहरी 'बार' नावाचे जे वर्ग निघतात, त्यांची सुरुवात लोटे बर्क नावाच्या मूळच्या जर्मन नर्तकीनं १९५९ मध्ये लंडनला केली. तिची पाठ दुखावली होती, म्हणून तिनं नाचातले दांड्यापाशी करायचे प्रकार आणि पाठीचे व्यायाम एकत्र केले. म्हणजे मुळात ते दुखणाईत माणसासाठीच होतं. आपण खुशाल करावं.

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची, दोन वर्षं बॅले शिकते. अंग इतकं लवचीक की सगळे थक्क होतात. कोपरं उलटी वळतात, अंगठा मनगटाला टेकतो. आता तिला बोटांच्या टोकांवर उभं राहायचे बूट घालून उभं करणार म्हणतात. ती हुशार आहे म्हणून लवकर. करू द्यावं का? (एक आई, गोत्री)

उत्तर : थांबवा. ते बूट साधारणपणे अकरा-बारा वर्षांच्या आधी देत नाहीत, आणि तेव्हाही वयापेक्षा घोट्याची, पावलाची आणि पोटाची ताकद बघून देतात. या वयात पावलाची हाडं अजून वाढत असतात आणि अख्ख्या अंगाचं वजन दोन अंगठ्यांच्या टोकांवर येतं.

तुम्ही जे कौतुकानं लिहिलंत त्यानं मला जास्त काळजी वाटली. करंगळी मागे काटकोनाच्या पलीकडे जाणं, अंगठा हाताला टेकणं, कोपरं आणि गुडघे उलटे वळणं, गुडघे न वाकवता तळवे जमिनीला लागणं, याचे नऊ गुण मोजायची डॉक्टरांची एक पद्धत आहे. मुलांमध्ये बरेच गुण मिळतात आणि त्यात आजार असतोच असं नाही. पण अशा मुलीला ताणायची गरजच नसते, तिला धरून ठेवायची गरज असते. तिच्या वर्गात एकच बघा. ती सरळ उभी असताना गुडघे मागे धनुष्यासारखे जातात का? जात असतील तर रोज घरी एका पायावर उभी करा, गुडघा अगदी मोहरीएवढा सैल, दात घासून होईपर्यंत. कंटाळेल, करू दे. मुलांच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच. आणि पाहुण्यांसमोर अंगठा वळवून दाखवायला लावू नका, हे जरा जास्त आग्रहानं सांगते.

प्रश्न : वय ६८. तरुणपणी आखाड्यात दंड-बैठका मारल्या, मल्लखांब केला. आता नवरात्रात नातवंडांबरोबर दोन तास गरबा खेळलो की रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. सौ. म्हणते ताणून मग खेळायला जा. मित्र म्हणतो खेळून आल्यावर ताण. खरं कोणाचं? बॅलेचं सोडा, त्या वयात मी नाही. (रावपुरा)

उत्तर : दादा, सौ. आणि मित्र दोघेही अर्धे बरोबर. मैदानावर जायच्या आधी एकेका जागी मिनिटमिनिटभर ताणून ठेवलं तर स्नायू थोडा वेळ मऊ पडतात आणि टाळी-ठेक्याला जोर कमी येतो. आधी फक्त हलतं ठेवा. पाच मिनिटं भराभर चाला, ओट्याला धरून पाय पुढे-मागे झुलवा, टाचा वर-खाली वीस वेळा. या टाचा उचलण्यालाही बॅलेत नाव आहे, पण तुम्ही नको म्हणालात.

ताणायचं ते खेळून आल्यावर. पोटरीत दोन थर असतात, एक गुडघ्याच्या वरपर्यंत जातो, दुसरा गुडघ्याखालीच संपतो. म्हणून भिंतीला हात टेकून मागचा गुडघा सरळ ठेवून तीस सेकंद, आणि मग तसंच उभं राहून तोच गुडघा थोडा दुमडून तीस सेकंद. दुसरा प्रकार बहुतेक लोक करतच नाहीत आणि मग ताणूनही गोळे येतात म्हणून कुरकुरतात. तुमच्या वयाला सेकंद साठ केले तरी चालतील.

अनवाणी खेळता ना? मधुमेह असेल तर घरी आल्यावर तळवे आरशात बघा, नाहीतर नातवाला बघायला सांगा. आणि चालताना दर वेळी ठरावीक अंतरावर पोटरीत गोळा येत असेल, थांबलं की जात असेल, तर तो गरब्याचा दोष नव्हे, रक्तपुरवठा तपासून घ्या. मल्लखांब केलेल्या माणसाला बाकी काही शिकवायची गरज नाही. फक्त ओटल्याच्या पायरीवर टाचा लोंबकळवून ताण देऊ नका, निदान रात्री साडेबाराला, चष्म्याशिवाय तरी नको.